कण्हेरीवरचा पतंग

प्रास्ताविक

'पतंग' हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या मनात दोन चित्रे उभी राहतात. एक, संक्रांतीच्या सुमारास आकाशात चढणाऱ्या कागदी पतंगाचे आणि दुसरे, दिव्याच्या ज्योतीवर झेपावून जळून जाणाऱ्या किड्याचे. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ 'उडत जाणारा' असा आहे. म्हणून पक्षी आणि सूर्य यांनाही तेथे पतंग म्हटलेले आढळते. आपल्या काव्यात आणि कीर्तनात पतंग व दीप ही जोडी मोहाचा दृष्टान्त म्हणून वारंवार येते. प्रस्तुत पाठात ज्या पतंगाची आपण ओळख करून घेणार आहोत, तो या दृष्टान्तात नीटसा बसत नाही. तो का बसत नाही, हे पाठाच्या उत्तरार्धात येईल. हा पाठ माहितीपर आहे. एखादी गोष्ट ठामपणे केव्हा सांगितली आहे आणि 'असावे', 'असा अंदाज आहे' असे केव्हा म्हटले आहे, याकडे वाचताना लक्ष द्या.

मूळ पाठ

तमिळनाडूतील कुंभकोणम् या प्राचीन नगराहून मयिलाडुतुरैच्या दिशेने जाऊ लागले की सुमारे नऊ-दहा किलोमीटरांवर गोविंदपुरम् हे गाव लागते. हा सारा प्रदेश कावेरीच्या पाण्यावर पोसलेला, भातशेतीचा. तंजावरच्या भोसले घराण्याचे राज्य येथे सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत नांदले आणि त्याबरोबर मराठी भाषा, मराठी अभंग आणि कीर्तनपरंपराही या मुलखात रुजली. गोविंदपुरम् येथे नामभक्तीचा प्रसार करणाऱ्या बोधेंद्र सरस्वतींचे समाधिस्थान आहे. २०११ साली येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. त्यामुळे दक्षिणयात्रेला निघालेला मराठी यात्रेकरू अलीकडे या गावाची वाट आवर्जून धरतो.

देऊळ म्हटले की फुले आली. या भागातील परसांत आणि देवळांच्या बागांत दोन झाडे हमखास दिसतात. पहिले तगर. तमिळमध्ये त्याला 'नंदियावट्टै' म्हणतात. दुसरी कण्हेर, म्हणजे तमिळ 'अरळी'. कण्हेरीची गुलाबी, तांबडी, पांढरी फुले माळांमध्ये ओवली जातात. आपल्याकडेही कण्हेर नवी नाही. तिचे संस्कृत नाव 'करवीर'. कोल्हापूरचे जुने नावही करवीर. मात्र त्या नावाची व्युत्पत्ती स्थानिक परंपरा वेगळी सांगते, तेव्हा नामसाम्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. महामार्गाच्या मधल्या दुभाजकावर आज मैलोगणती कण्हेर लावलेली दिसते. तिला पाणी कमी लागते, धूर आणि धूळ ती सोसते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत.

गुरे तोंड लावत नाहीत, कारण कण्हेर विषारी आहे. मूळ, साल, पान, फूल, बी यांपैकी तिचा एकही भाग निर्धोक नाही. तिच्यातील ओलिअँड्रिन आणि त्याच जातीची इतर द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. चाऱ्यात चुकून कण्हेरीची पाने आली, तर जनावर दगावते. वाळलेल्या पानांतही विष टिकून राहते. म्हणून छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत, त्यांचा जळणासाठी उपयोग करू नये आणि लहान मुलांना त्या काड्यांशी खेळू देऊ नये. मे २०२४ मध्ये केरळातील त्रावणकोर आणि मलबार या देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात अरळीची फुले वापरण्यास मनाई केली, तीही या विषाच्या भीतीमुळेच.

आणि नेमक्या याच झुडपावर एक जीव लहानाचा मोठा होतो.

कण्हेरीचे एखादे जुने झुडूप पावसानंतर कोवळ्या पालवीने भरले की ते जवळून पाहावे. काही फांद्यांच्या शेंड्यांची पाने कोणीतरी कुरतडलेली, कधी मधल्या शिरेपर्यंत फस्त केलेली दिसतील. खाणारा मात्र दिसणार नाही. अशा वेळी वर न पाहता खाली पाहावे. फांदीखालच्या जमिनीवर मिऱ्यांएवढ्या, खाचा असलेल्या काळपट लेंड्या पडलेल्या असतील, तर त्यांच्या बरोबर वर नजर न्यावी. तेथे पानाच्या रंगाशी एकरूप झालेली, माणसाच्या बोटाएवढी जाड आणि सात-आठ सेंटिमीटर लांबीची हिरवी अळी देठाला धरून बसलेली असते. मराठीत 'सुरवंट' हा शब्द आपण बहुधा केसाळ अळीसाठी वापरतो. ही अळी गुळगुळीत असते. तिच्या अंगावर खाज आणणारे केस नाहीत, दंश करणारा काटा नाही. शेवटच्या भागावर एक लहान शिंग असते. ते पाहून लोक घाबरतात. पण ते मऊ असून त्याने काहीही इजा होत नाही.

हीच कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. त्याचे शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरिआय. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि कण्हेरीच्या 'नेरिअम' या लॅटिन नावावरून त्याचे नाव ठेवले. तो ज्या कुळात मोडतो, त्या कुळातील पतंगांना इंग्रजीत 'हॉक मॉथ' म्हणतात. हॉक म्हणजे ससाण्यासारखा शिकारी पक्षी. निमुळते पंख आणि वेगवान उड्डाण यांमुळे हे नाव पडले. कुळाचे शास्त्रीय नाव 'स्फिंजिडी' हे मात्र अळीवरून आले आहे. धोक्याची चाहूल लागताच या कुळातील पुष्कळ अळ्या शरीराचा पुढचा भाग उचलून निश्चल बसतात. ते पाहून अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना इजिप्तमधील स्फिंक्सच्या पुतळ्याची आठवण झाली. या कुळाच्या सुमारे १,४५० जाती जगात ज्ञात आहेत.

मादी कण्हेरीच्या कोवळ्या पानावर फिकट हिरव्या रंगाची, मोहरीहून किंचित लहान अशी अंडी एकेक करून घालते. उष्ण हवेत काही दिवसांतच अंडे फुटते. बाहेर येणारी अळी पिवळसर असते आणि तिच्या इवल्या देहाच्या मानाने काळे शिंग फारच लांब दिसते. ती खाते, वाढते, कात टाकते, पुन्हा खाते. या काळात ती हिरवी होते, दोन्ही बाजूंना पांढरी रेघ आणि पांढरे ठिपके उमटतात आणि डोक्यामागे निळ्या रंगाचे, काळ्या कडेचे दोन मोठे डोळे दिसू लागतात. हे डोळे खरे नव्हेत. अळीला डिवचले की ती डोके आत ओढून घेते, पुढचा भाग फुगवते आणि मग ते दोन निळे डोळे रोखून पाहत असल्याचा भास होतो. एखाद्या पक्ष्याला ते सापाचे तोंड वाटत असावे, असा अंदाज आहे. तगर, सदाफुली आणि सातवीण यांच्यावरही ही अळी वाढते. ही सर्व झाडे कण्हेरीच्याच कुळातील आहेत.

पाठगत प्रश्न : अळी शोधताना वर पाहण्याआधी खाली पाहावे, असे लेखकाने का सांगितले आहे?

आता मुख्य कोडे. जे पान गाईला मारते, ते खाऊन ही अळी कशी जगते?

याचे एक उत्तर सहज सुचते. तिच्यावर त्या विषाचा परिणामच होत नसेल. काही कीटकांच्या बाबतीत हे खरे आहे. कण्हेरीचे विष प्राण्यांच्या पेशींतील एका अत्यावश्यक प्रथिनाला जखडून टाकते. हे प्रथिन एखाद्या पंपाप्रमाणे काम करते. पेशीतील सोडिअम बाहेर टाकते आणि पोटॅशिअम आत घेते. मज्जातंतू आणि हृदय यांचे काम या पंपावर चालते. अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराच्या पंपाची रचनाच थोडी बदललेली आहे, त्यामुळे तशा प्रकारचे विष त्याला जखडू शकत नाही. उलट ते विष स्वतःच्या अंगात साठवून मोनार्क पक्ष्यांपासून आपले रक्षण करते. आपल्या कण्हेरीच्या शेंड्यांवर पिवळ्या माव्याची दाटी झालेली तुम्ही पाहिली असेल. तो मावादेखील हे विष अंगात साठवतो.

मग कण्हेरीवरच्या पतंगाचेही तसेच असेल, असे कोणालाही वाटेल. हॅम्बर्ग विद्यापीठातील गेऑर्ग पेचेंका आणि सुझान डोब्लर यांनी हे प्रत्यक्ष तपासून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अनपेक्षित होता. या अळीचा पंप मुळीच बदललेला नाही. पेशीतून वेगळा काढून त्यावर विष घातले, तर कोणत्याही साध्या प्राण्याच्या पंपासारखाच तो बंद पडतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विषावर वाढूनही या जातीचे मर्म उघडेच राहिले आहे. तरी ती जगते, कारण विष त्या मर्मापर्यंत पोहोचत नाही. ती विष अंगात साठवत नाही. शिवाय, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात असे दिसून आले, की तिच्या मज्जारज्जूभोवती असलेले पातळ आवरण पहारेकऱ्यासारखे काम करते. पाण्यात विरघळणारे विष त्यातून आत शिरू शकत नाही. स्निग्ध पदार्थात विरघळणारे विष शिरू पाहते, तेव्हा आवरणातील वाहक प्रथिने ते पुन्हा बाहेर टाकतात.

ही गोष्ट थोडी थांबून समजून घेण्यासारखी आहे. गावात रोग आला असता एकाने रोगाला दाद न देणारे शरीर मिळवावे आणि दुसऱ्याने घराची दारे-खिडक्या नीट बंद ठेवाव्यात, तसा हा फरक आहे. दोघेही वाचतात, पण वाचण्याची रीत वेगळी. 'विषाची सवय झाली' असे आपण सहज बोलून जातो. या अळीच्या बाबतीत ते शब्द अपुरे पडतात.

वाढ पूर्ण झाली की अळीचा रंग पालटतो. हिरवी अळी तपकिरी, काळपट होते, झाडावरून खाली उतरते आणि जमिनीवर भरभर चालू लागते. आतापर्यंत पानाशी मिळताजुळता असलेला देह आता मातीशी आणि पालापाचोळ्याशी मिळताजुळता होतो. पाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात विरळ धाग्यांनी जागा सांधून ती कोष करते. फिकट तपकिरी रंगाच्या या कोषाच्या बाजूला काळे ठिपके असतात. उष्ण प्रदेशात साधारणतः दोन-तीन आठवड्यांनी त्यातून पतंग बाहेर पडतो.

हा काळ सर्वांत धोक्याचा. झुडपावरच्या अळीला माश्या आणि गांधीलमाशीच्या जातीचे परजीवी कीटक गाठतात, पक्षी टिपतात. जमिनीवर उतरलेल्या अळीला माणूस भेटतो. अंगण रोज स्वच्छ झाडले जाते, पाचोळा गोळा करून पेटवला जातो, आणि कधी 'विषारी किडा' म्हणून अळी चपलेखाली चिरडली जाते. झाडलोट वाईट असे कोण म्हणेल? पण बागेच्या एका कोपऱ्यात, कण्हेरीच्या बुंध्याशी, हातभर जागेतला पाचोळा तसाच ठेवला, तर अंगणाची शोभा कमी होत नाही आणि कोषांना आसरा मिळतो. अळीने खाल्लेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटते. परसातल्या दोन-चार अळ्यांमुळे कण्हेरीचे झुडूप मरत नाही. तेव्हा अशा ठिकाणी कीटकनाशक फवारण्याचे काही प्रयोजन दिसत नाही.

कोषातून बाहेर पडलेला पतंग दहा सेंटिमीटरांच्या आसपास पंखविस्ताराचा, भरदार अंगाचा असतो. त्याचे रंग शब्दांत पकडणे अवघड आहे. शेवाळी, पोपटी आणि गडद अशा हिरव्या छटांचे नागमोडी पट्टे, त्यांतून गेलेली फिकट गुलाबी रेघ, मध्येच जांभळट झाक. पंखांच्या मुळाशी पांढरा ठिपका आणि त्यात हिरवा बिंदू. सैनिकांच्या रानातल्या गणवेशाची आठवण यावी, असा हा वेश आहे, आणि त्याचे कामही तेच. दिवसा पानांत बसलेला पतंग दिसत नाही.

संध्याकाळ झाली की तो जागा होतो. लगेच उडत नाही. आधी बसल्या जागी पंख थरथरवतो. या थरथरण्याने उडण्याचे स्नायू तापतात आणि पुरेशी ऊब आली की तो झेप घेतो. फुलापाशी पोहोचल्यावर मात्र तो फुलावर बसत नाही. समोर हवेत एका जागी स्थिर राहून लांब सोंड फुलाच्या नळीत घालतो, मध पितो आणि पुढच्या फुलाकडे सरकतो. रात्री उमलणारी, पांढरी किंवा फिकट, गोड वासाची आणि लांब नळीची फुले या पतंगांच्या आवडीची. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी याच कुळातील एका युरोपीय जातीवर प्रयोग केले, तेव्हा केवळ चांदण्यांच्या उजेडात, जेथे माणसाला सारे करडे दिसते, तेथेही तो पतंग रंग ओळखू शकतो असे आढळले.

फुलांना याचा उपयोग होतो तो परागीभवनासाठी. १८६२ साली चार्ल्स डार्विन यांच्याकडे मादागास्कर बेटावरील एक आमरी आली. तिची मधुनळी जवळजवळ तीस सेंटिमीटर लांब होती. एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे, असे डार्विन यांनी लिहिले. तसा पतंग १९०३ साली शास्त्राला ज्ञात झाला; तो हॉक मॉथच होता. हे उदाहरण प्रसिद्ध आहे, पण आपल्याला अधिक जवळचे आहे ते पपईचे. नर आणि मादी झाडे वेगळी असलेल्या पपईत पराग एका झाडावरून दुसऱ्यावर कोणीतरी न्यावा लागतो. केनियातील शेतांत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे काम प्रामुख्याने हॉक मॉथ कुळातील पतंग करतात असे दिसले. बागेजवळ चांगली रानझाडी असेल, तेथे त्यांच्या भेटी अधिक होत्या. शेतकरी संध्याकाळी घरी परततो आणि त्यानंतर हे काम सुरू होते. म्हणूनच ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता दिव्याकडे वळू. पतंग दिव्यावर का झेपावतो, याची अनेक उत्तरे आजवर दिली गेली. तो दिव्याला चंद्र समजतो, तो उष्णतेकडे ओढला जातो, वगैरे. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपले आणि जानेवारी २०२४ मध्ये वेगळे स्पष्टीकरण मांडले. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते. त्यामुळे उजेडाकडे पाठ ठेवली की 'वर' कोणते आणि 'खाली' कोणते, हे कीटकाला कळते. लक्षावधी वर्षे ही युक्ती उपयोगी पडली. पण जवळच दिवा असला की कीटक त्या दिव्याकडे पाठ करतो, त्याचे शरीर कलते आणि तो दिव्याभोवती गरगरत राहतो. म्हणजे तो दिव्यावर भाळलेला नसतो. त्याची दिशा हरवलेली असते.

या अभ्यासात दोन ठळक अपवाद आढळले. एक, फळांवरची चिमुकली माशी. दुसरा, आपला कण्हेरीवरचा पतंग. प्रयोगशाळेत तो दिव्यावरून सरळ पुढे उडून गेला. त्याची पाठ दिव्याकडे कलली नाही. याचा अर्थ त्याला दिव्यांचा त्रासच नाही, असा घेऊ नये. रात्री दिव्याखालच्या भिंतींवर हा पतंग बसलेला आढळतो, हे निरीक्षकांनी अनेकदा नोंदवले आहे. मात्र उजेडाकडे पाठ करण्याची ती सहजप्रवृत्ती त्याला आवरता येत असावी. हा लांब पल्ल्याचा उडणारा आहे. आफ्रिका आणि दक्षिण आशिया येथील मूळ प्रदेशांतून काही पतंग उन्हाळ्यात युरोपात, क्वचित इंग्लंडपर्यंतही जातात.

एवढे सारे ज्ञान मोठ्या प्रयोगशाळांतूनच आले, असे समजू नये. भारतातील हॉक मॉथ कुळावरचा मूलभूत ग्रंथ १९३७ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक टी. आर. बेल आणि एफ. बी. स्कॉट. बेल हे वनखात्यातील अधिकारी. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कारवार परिसरात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली. रानातून अळ्या आणायच्या, त्या कोणत्या झाडाचा पाला खातात ते पाहायचे, त्यांना रोज ताजा पाला घालायचा, कोषातून काय बाहेर येते ते टिपून ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यासाठी लागत होती ती अळी, पाला, एक डबा, वही आणि चिकाटी. कारवारच्या कण्हेरीवर आणि गोविंदपुरम्‌च्या कण्हेरीवर वाढणारी जात एकच आहे. तुमच्या वस्तीतील कण्हेरीवरही तीच असण्याची शक्यता आहे.

शब्दार्थ

परस – घरामागची मोकळी जागा
व्युत्पत्ती – शब्द कसा तयार झाला याची उकल
मर्म – नाजूक, जीवघेणे स्थान
परजीवी – दुसऱ्या जिवावर वाढणारा
परागीभवन – फुलातील पराग स्त्रीकेसरापर्यंत पोहोचण्याची क्रिया
आमरी – लांब टिकणाऱ्या फुलांची एक वनस्पती, ऑर्किड
सहजप्रवृत्ती – न शिकता अंगी असलेली वागण्याची रीत

स्वाध्याय

१. मोनार्क फुलपाखरू आणि कण्हेरीवरचा पतंग यांची विषापासून वाचण्याची रीत कशी वेगळी आहे, ते पाच-सहा ओळींत लिहा.

२. 'तो दिव्यावर भाळलेला नसतो. त्याची दिशा हरवलेली असते.' या वाक्याचा संदर्भ स्पष्ट करा. पतंग आणि दीप यांचा दृष्टान्त तुम्ही कोठे ऐकला किंवा वाचला आहे, तेही लिहा.

३. पाठातील 'असावे', 'असा अंदाज आहे' अशा अर्थाचे शब्द असलेली दोन वाक्ये शोधा. त्या ठिकाणी ठाम विधान का केले नसेल?

४. उपक्रम : जवळपासच्या कण्हेरीचे किंवा तगरीचे एक झुडूप निवडून तीन आठवडे, दिवसाआड, त्याची पाहणी करा. कुरतडलेली पाने, लेंड्या, अंडी, अळी यांपैकी जे दिसेल ते दिनांकासह वहीत नोंदवा. पाने तोडू नका. झाडाला हात लागल्यास साबणाने हात धुवा.